खड्डा आणि चाळीस किलो लाडू

"अजून एक घ्या जावईबापू. लाजताय काय असं?"

असं म्हणत मामींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ताटात तिसरा बेसनाचा लाडू ठेवला. आधीचे दोन तसेच होते. शेजारी चकल्या, शेव, करंज्या, अनारसे, चिरोटा, शंकरपाळ्यांचा ढीग, आणि उरलेल्या फटीत चिवडा. नरक चतुर्दशीची सकाळ. सहा वाजले नव्हते अजून. अंगाला उटण्याचा वास, पाटाभोवती रांगोळी, आणि थंडीतही मी घाम पुसतोय.

आठ वर्षं झाली या गोष्टीला. लग्नानंतरची पहिली दिवाळी, म्हणजे दिवाळसण. आदल्या दिवशी संध्याकाळी मी आणि स्नेहल विट्याहून तासगावला तिच्या माहेरी आलो होतो. दिवाळसणात जावयाला 'नको' म्हणायची सोय नसते. नको म्हटलं की लाजतोय असं धरतात आणि दुप्पट वाढतात.

त्यात माझं सासर साधं नव्हतं. सासरे आचारी. जगन्नाथ आचारी. त्यांना मी मामा म्हणतो. वर्षभर लग्नं-बारशी, आणि दिवाळीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फराळाच्या ऑर्डरी. अंगानं म्हणाल तर नुसती काडी. इतका वाळका आचारी मी दुसरा बघितला नाही. त्यांची एक सवय आहे. जेवणाऱ्याच्या ताटाकडं कधी बघत नाहीत, तोंडाकडं बघतात. आताही खांबाला टेकून माझ्या तोंडाकडं बघत होते.

माझी अडचण अशी की बरोबर दोन आठवड्यांनी माझी पोलीस भरतीची मैदानी परीक्षा होती. सोळाशे मीटर पळायचं. पाच मिनिटं दहा सेकंदांत आलं तर पूर्ण मार्क. मला लागत होते पाच-चोवीस. कोच वगैरे कोण नाही, मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि पळायचं. त्यातलाच एकजण म्हणाला होता साखर म्हणजे विष, तेल म्हणजे विष. म्हणून चार महिने दोन्ही बंद. मटकी, अंडी, कोरडी भाकरी. ही माझी चौथी वेळ होती आणि वयात बसणारी शेवटची. यंदा हुकलं की कुपवाडच्या कंपनीत पॅकिंगला होतो, तिथंच खोकी चिकटवत बसायचं.

मग सरळ सांगायचं ना, भरती आहे, गोड नको? तेच तर जमत नव्हतं. लग्नाच्या बैठकीत मामांनी मला एकच प्रश्न विचारला होता.

"भरतीचा नाद सुटला का?"

आणि मी दोन्हीकडच्या पाव्हण्यांसमोर छातीठोक म्हणालो होतो, "सुटला."

तीन वेळा आपटलेल्या पोराला कोण मुलगी देणार? म्हणून म्हणालो. स्नेहलला सगळं माहीत होतं. या वेळचा फॉर्म तर तिनंच भरला. पण बापाला सांगायची तिची पण टाप नव्हती.

"अहो, खा ना," ती म्हणाली. आईवडिलांसमोर ती मला अहो म्हणते. खोलीत गेलं की धीऱ्या.

मी चकलीचा एक काटा मोडला आणि तोंडात धरून बसलो. तेवढ्यात मामी चौथा लाडू उचलताना दिसल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"मामी, नको! पोट बिघडलंय."

मामींचा हात तिथंच थांबला. स्नेहलनं ताटाआडून माझ्या पायाला चिमटा काढला. मामा खांबापासून सरळ झाले.

"कधीपासनं?"

"काल... काल रात्रीपासनं."

"काल रात्री काय खाल्लं?"

"दूध-भाकरी." आणि आणखी खरं वाटावं म्हणून शहाण्यासारखा पुढं बोललो, "आणि तो एक लाडू. आल्या आल्या मामींनी हातावर ठेवला होता तो."

मामांनी चप्पल घातली आणि मागं शेडकडं गेले.

खोलीत आल्यावर स्नेहल दार लावून माझ्याकडं वळली.

"धीऱ्या, तुला अक्कल आहे का? लाडू कशाला म्हणालास?"

"अगं, जमलं की पण. आता बघ, ताक-भातावर ठेवतात का नाही मला."

"तो लाडू तू खाल्लास तरी का?"

"नाही. बॅगेत आहे. रुमालात."

तिनं कपाळावर हात मारला, पण हसायला लागली. मी पण हसलो. मला वाटलं, सुटलो.

साडेसातच्या सुमारास मी सहज मागं गेलो तर मामा शेडमध्ये डबे उघडून बसले होते. तूप मनगटावर चोळून वास घेत होते. बेसन जिभेवर ठेवून डोळे मिटून बसत होते. वेलदोडे फोडून बघितले. बेदाणे एकेक निवडले. लाडू वळणाऱ्या बायका हात पुसून गप उभ्या. मोठ्या परातींत कालच्या घाण्याचे लाडू रचून ठेवलेले. चाळीस किलो. त्यांवर मामांनी पांढरं कापड टाकलं होतं.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या नलूकाकी डबा घेऊन आल्या. लेकीच्या सासरी द्यायचे म्हणून त्यांची बारा किलोची ऑर्डर होती.

"जगूभाऊ, भरा माझे लाडू. जावई न्यायला येतोय नऊ वाजता."

"आज देत नाही, नलू."

"म्हणजे?"

"काल आमच्या जावयाला बाधलाय एक. कशानं ते सापडंपर्यंत शेडमधनं लाडू बाहेर जाणार नाही."

नलूकाकींनी माझ्याकडं बघितलं. वरून खाली, मग खालून वर. "अगं बाई! तरीच तोंड उतरलंय." आणि डबा काखेत मारून निघाल्या.

नलूकाकी निघाल्या म्हणजे बातमी निघाली. अर्ध्या तासात आख्ख्या गल्लीला कळलं की जगूआचाऱ्याचा लाडू खाऊन त्याचाच जावई आडवा झाला. दहा वाजेपर्यंत तर मी दवाखान्यात होतो म्हणे. सलाईनवर. मामींचा फोन सारखा वाजत होता. "नाही हो, घरीच आहेत... नाही हो, उलट्या नाहीत... बरं, नको तर नको." एकजण तर काल नेलेल्या चकल्या परत आणून ओट्यावर ठेवून गेला. लाडवाचं बोला तर एक वेळ समजतं, पण चकलीनं काय केलं होतं?

मध्येच मामींनी मला ताक-भात वाढला. चार महिन्यांत कुणी मऊ भातावर जिऱ्याची फोडणी घातलेलं ताक ओतून दिलं नव्हतं. काय सांगू, तशा अवस्थेतही चव लागली. मी परत मागितला. मग परत.

"खा खा," मामी म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल होते. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा झालं हो असं. हजाराच्या पंगती उठल्या यांच्या हातच्या. कुणाचं पोट दुखलं नाही. आणि घरच्याच जावयाला..."

वर बघितलं तर मामा मागच्या दारात उभे. माझ्या तोंडाकडं बघत. मग वळले आणि भिंतीला लावलेलं फावडं उचलून परसात गेले.

"मामा कुठं निघाले?"

"खड्डा काढायला," मामी म्हणाल्या. "पुरणार म्हणतात सगळे लाडू. कुणाच्या पोटात जायला नकोत."

स्नेहलनं माझ्याकडं बघितलं. आता ती हसत नव्हती.

"धीरज," ती हळू म्हणाली. धीऱ्या नाही, अहो नाही, धीरज. "तू सांगतोस का मी सांगू?"

मी उठलो. खोलीत गेलो, बॅग उघडली, रुमालाची पुरचुंडी घेतली आणि परसात गेलो. दहा-बारा पावलं असतील. सोळाशे मीटरला माझे पाय कधी इतके जड झाले नव्हते.

मामा कंबरेत वाकून खणत होते. खड्डा गुडघ्याएवढा झाला होता.

"मामा."

"बसा की आत. ऊन लागंल."

"मामा, माझं पोट बिघडलेलं नाही."

फावडं थांबलं नाही. "मग?"

"खोटं बोललो मी. लाडवात काही नाही. हा बघा." मी रुमाल सोडला. लाडू थोडा दबला होता, पण होता तसा होता. वरचा बेदाणाही जागेवर. "कालचाच आहे. मी खाल्लाच नव्हता."

आता फावडं थांबलं. मामांनी तो लाडू हातात घेतला आणि फिरवून बघितला. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"एकतीस वर्षांत," ते म्हणाले, "माझा लाडू कुणी रुमालात बांधून ठेवला नव्हता."

मला वाटलं, त्या खड्ड्यात आपणच उतरावं.

"भरती आहे मामा. दोन आठवड्यांनी. शेवटची."

"बैठकीत काय म्हणाला होता तुम्ही?"

"नाद सुटला म्हणालो होतो."

"सुटला का?"

"नाही."

मामा मातीच्या ढिगावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"खोटं बोलायला दुसरं काय सापडलं नाही? डोकं दुखतंय म्हणायचं. पाय मुरगळला म्हणायचं. दाढ किडली म्हणायचं. आचाऱ्याच्या घरात पोट?"

"चुकलं, मामा."

"चुकलं तर मोठंच." आणि एकदम, "किती वेळात पळतोस?"

पहिल्यांदाच मला अरे-तुरे केलं त्यांनी. लग्नाला सहा महिने झाले होते, त्यात पहिल्यांदा.

"पाच-चोवीस. पाच-दहा पाहिजे."

"खातोस काय?"

मी सांगितलं. मटकी, अंडी, कोरडी भाकरी. साखर विष, तेल विष.

"म्हणून तोंड असं झालंय होय. मला वाटलं पोरगी छळते." ते उठले, टोपी झटकली. "चल. हा लाडू घे आणि पुढच्या ओट्यावर ये. नुसतं मला सांगून गल्लीचं तोंड बंद होत नाही."

मी समजून गेलो. आता शिक्षा. भर गल्लीत बसवून दहा-पंधरा लाडू खायला लावणार. खाल्ले असते मी. भरती गेली तरी खाल्ले असते. त्या वेळी खरंच तसं वाटलं.

ओट्यावर पाट मांडला गेला. मामींनी तांब्या-भांडं ठेवलं. समोर नलूकाकी दारात, त्यांच्यामागं त्यांचा नऊला आलेला जावई, खिडक्यांत बायका, सायकलवरचे थांबलेले. एवढी माणसं माझ्या लग्नाच्या वरातीला नव्हती.

"किती खायचे मामा?" मी खालच्या आवाजात विचारलं.

"एक."

"एकच?"

"हातात आहे तो. पण सांगतो तसा खायचा. चावायचा नाही. आधी वास घे."

मी वास घेतला. भाजलेल्या बेसनाचा, साजूक तुपाचा.

"आता बोटानं कड मोड. जिभेवर ठेव. तोंड मिट. दात लावू नको, आपोआप सुटू दे."

सुटला. आधी तूप, मग ती बारीक रवाळ चव, मामा भाजताना दुधाचा हबका मारतात त्यानं येते ती, आणि शेवटी कुठूनतरी वेलदोडा. चार महिने मी अन्न नुसतं गिळत होतो. डोळ्यांत पाणी कधी आलं कळलं नाही. गल्लीला वाटलं असेल, बाधला परत.

"दुसरा घास घाई करून घेऊ नको," मामा शेजारी उकिडवे बसून म्हणाले. "मी वर्षानुवर्षं असाच खातो. दिवसाला एक. सकाळच्या वेळी, बसून. कधी लाडू, कधी करंजी. ताट भरून घेतलं की माणूस खात नाही, नुसतं संपवायच्या मागं लागतो."

एक लाडू संपवायला मला पंधरा मिनिटं लागली. बेदाणा मी शेवटी ठेवला होता. तो खाल्ला, पाणी प्यालो, आणि ताठ बसून राहिलो. गल्ली वाट बघतेय, पडतोय का. मी काही पडलो नाही.

"एकच का दिला मग?" नलूकाकी ओरडल्या. "बाधतोय म्हणून?"

मामा उभे राहिले. आवाज पंगतीत वाढपी बोलवायचा तो.

"नलू, आमचा जावई पोलिसात चाललाय. पळायचंय त्याला. म्हणून एकच! पोटाचं सगळं झूट होतं. गोड टाळायला मला थाप मारली यानं. सासऱ्याला भ्याला."

गल्ली फुटली हसून. नलूकाकींचा जावई तर भिंतीला धरून हसत होता. बिचाऱ्याचं पण पोट तटतटलेलं होतं, तो म्हणाला, "काका, आमच्या सासूबाईंना पण सांगा की जरा हे दिवसाला एकचं."

"तुला काय पळायचंय?" नलूकाकी त्याच्यावर खेकसल्या आणि डबा पुढं केला. "भरा हो जगूभाऊ बारा किलो."

त्यांच्यामागं फोन सुरू झाले. चकलीवाला चकल्या मागायला आला. मामींनी दिल्या, पण तोंड वाकडं करून.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा मला शाळेच्या मैदानावर घेऊन गेले. मी मोबाईलवर वेळ लावायला लागलो तर त्यांनी हात आडवा केला.

"ते नको. पाच मिनिटं मला कळतात. शंकरपाळीचा एक घाणा उतरतो तेवढ्यात. पळ तू. मी मनात घाणा सोडतो."

मी पळत आलो तेव्हा ते मान हलवत होते. "करपला!"

नंतर कळलं की मोबाईल स्नेहलनं लपून लावला होता. पाच-बावीस.

पाडव्याला पळालो, भाऊबीजेला पळालो. पळून आलो की मामी हुलग्याचं गरम माडगं प्यायला द्यायच्या, मग एक पदार्थ. पाडव्याला करंजी, भाऊबीजेला अनारसा. दुपारी ज्वारीची भाकरी, मेथी, दही आणि तेलाची खरपूस फोडणी. "तेल विष म्हणणाऱ्याला माझ्याकडं घेऊन ये," मामा म्हणायचे. रोज एकच गोड आणि रोज वाट बघायची. आयुष्यात इतका फराळ मी कधी खाल्ला नाही असं वाटायचं, आणि खरं म्हणजे इतका कमी कधी खाल्ला नव्हता.

भाऊबीजेला निघताना मामा परसात होते. त्या खड्ड्यात त्यांनी कढीलिंबाचं रोप लावलं होतं आणि पाणी घालत होते. "काढलाच होता खड्डा," म्हणाले. मी पाया पडलो आणि निघालो.

परीक्षेच्या दिवशी सांगलीच्या मैदानाबाहेर तारेच्या कुंपणाला टेकून मामा उभे होते. मी बोलावलं नव्हतं. मी पळालो. शेवटच्या फेरीत छाती फुटते का काय असं झालं. रेघ ओलांडून गुडघ्यावर हात टेकले आणि वेळ सांगणाऱ्या हवालदाराच्या आधी कुंपणाकडं बघितलं.

मामांनी हाताचा पंजा जरासा हलवला. "थोडा लाल झाला!" ते ओरडले. "पण चालतो!"

पाच-तेरा. पूर्ण मार्क नाही मिळाले, पण यादीत नाव लागलं. खालून सहावं.

तेव्हापासून दिवाळीला मी घरी नसतोच. बंदोबस्त. मामा धनत्रयोदशीच्या आधी डबा पाठवतात. पाच कप्प्यांचा, प्रत्येक कप्प्यात एकच वस्तू. चौकात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी रोज एक कप्पा उघडतो. बरोबरचे हसतात. हसू देत.

यंदा पहिल्यांदा नरक चतुर्दशीला सुट्टी मिळाली. तासगावला गेलो. मामा थकलेत, पण शेड चालू आहे. चिवड्याची कढई चुलीवर चढवली होती त्यांनी.

"धीरज, कढीलिंब तोडून आण मूठभर."

परसात गेलो. झाड आता माझ्या डोक्यावर गेलंय. पाला तोडताना सहज बुंध्याकडं लक्ष गेलं. आळं केलेलं आहे, तेवढाच होता तो खड्डा. गुडघ्याएवढा खोल आणि वीत-दीड वीत रुंद. मी तिथंच उभा राहिलो. चाळीस किलो लाडवांच्या पराती आठवल्या. तीन होत्या. आणि उभा जन्म लग्नघरी चुलाणं खणलेला माणूस. त्याला खड्ड्याचं माप कळत नाही?

पाला घेऊन शेडमध्ये आलो.

"मामा, त्या दिवशी त्या खड्ड्यात चाळीस किलो लाडू मावले असते?"

मामांचा झारा थांबला नाही. मिशीत हसले का नाही ते धुरात दिसलं नाही.

"ताक-भात तीनदा घेतलास तू. पोट बिघडलेला माणूस दुसऱ्यांदा घेत नाही."

"म्हणजे तुम्हाला आधीच कळलं होतं? मग तेव्हाच का नाही बोलला?"

"मी कशाला बोलू? बोलायचं तुझ्याकडं होतं." त्यांनी हात पुढं केला. "पाला आण इकडं. शेंगदाणे लाल व्हायला लागले."

मी पाला दिला. तडतडला. मग ते कढईवरून नजर काढून माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

"आज काय खाणार?"

"लाडू," मी म्हणालो आणि पाट घ्यायला वळलो.